भारतात सापडणारी रोमन नाणी आणि त्यांच्या नकला ओळखण्याची पद्धत

रोमन वाटणारे नाणे हाती आले की नवख्या संग्राहकाचा पहिला प्रश्न ‘खरे की खोटे?’ असा असतो. भारतात सापडणाऱ्या नाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो, कारण असे नाणे चार निरनिराळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आलेले असू शकते. ते रोमन साम्राज्याच्या टाकसाळीत पाडलेले अधिकृत नाणे असेल. त्याच काळात रोमन प्रदेशात फसवणुकीसाठी केलेले, आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असलेले नाणे असेल. दख्खनच्या किंवा दक्षिण भारताच्या कारागिराने रोमन नाणे समोर ठेवून घडवलेली प्राचीन नक्कल असेल. किंवा अलीकडच्या काळातील बनावट असेल. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला ‘खोटे’ म्हणून बाजूला सारणे ही नवख्यांकडून सर्रास होणारी चूक आहे. अशी नक्कल दोन हजार वर्षे जुनी असू शकते, आणि इथल्या लोकांनी रोमन पैशाकडे कसे पाहिले हे अधिकृत नाण्यापेक्षा तीच अधिक स्पष्टपणे सांगते.

पुढील पायऱ्या याच चार प्रकारांची वाटणी करण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण चेहरा आणि अक्षरे आधी पाहिली की मन एका निष्कर्षाला चिकटते आणि नंतर काट्यावर दिसलेला आकडा आपण सोयीने वाचू लागतो.

पहिली पायरी : साधने आणि हाताळणी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक बॅटरी आणि एक लोहचुंबक एवढे सामान पुरेसे आहे. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली जाड मऊ कापड अंथरलेले असावे.

नाणे स्वच्छ करू नये. चिंच, लिंबू, राख, भांडी घासण्याची पावडर यांपैकी कशाचाही प्रयोग करू नये, कारण चांदीवरचा काळा थर आणि तांब्यावरचा घट्ट हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो आणि तो गेला की परत आणता येत नाही. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर मात्र तो चालू असलेला गंज समजावा. असे नाणे कोरड्या डबीत इतरांपासून वेगळे ठेवावे आणि पाण्यात बुडवू नये.

दुसरी पायरी : वजन

रोमन नाणेपद्धती वजनावर उभी होती. ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांच्या काळात एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम चांदीतून, ८४ डेनारियस (रोमनांचे नेहमीचे चांदीचे नाणे) पाडावेत असे प्रमाण धरलेले होते. त्यामुळे त्यांचे चांदीचे नाणे सामान्यतः ३.७ ते ३.९ ग्रॅम भरते, आणि वापराने झिजलेले असेल तर ३.५ ग्रॅमच्या आसपास येते. इसवी सन ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने हे प्रमाण ९६ वर नेले आणि कसही उतरवला, तेव्हापासूनचे डेनारियस ३.४ ग्रॅमच्या जवळपास आणि पुढे त्याहूनही हलके होत गेले. ऑरियस हे सोन्याचे नाणे ऑगस्टसच्या काळात सुमारे ७.८ ग्रॅमचे होते. नीरोच्या फेरबदलानंतर ते ७.३ ग्रॅमच्या आसपास आले. दोन्ही नाण्यांचा व्यास साधारण १७ ते २० मिलिमीटर असतो, म्हणजे आकाराने ती आपल्या कल्पनेपेक्षा लहान आणि जाडजूड वाटतात. हाती आलेले ‘डेनारियस’ २५ मिलिमीटरचे आणि पातळ असेल, तर ते डेनारियस नाही.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलेला एक प्रसंग येथे आठवतो. सम्राट क्लॉडियसच्या काळात एक रोमन माणूस वाऱ्याने भरकटत श्रीलंकेला पोहोचला, आणि त्याच्याजवळचे डेनारियस निरनिराळ्या सम्राटांच्या छापाचे असूनही सारख्याच वजनाचे आहेत हे पाहून तिथला राजा रोमनांच्या सचोटीवर खूष झाला. कथेत रोमन अभिमानाचा वाटा किती हे सोडून देऊ. पण परक्या नाण्याची पारख करणारा माणूस छाप पाहण्याआधी तागडी हाती घेत असे, हे तिच्यातून कळते.

वजनाबरोबर एक इशारा आवश्यक आहे. वजन बरोबर आले म्हणून नाणे रोमन ठरत नाही. भारतीय नकलांपैकी चांगल्या नकला चोख चांदीच्या किंवा सोन्याच्या आणि जवळजवळ पूर्ण वजनाच्या असतात. वजन फार कमी आले तरच ते बोलके असते.

तिसरी पायरी : धातू

प्रथम चुंबक लावावा. सोने, चांदी, तांबे, पितळ यांपैकी कशालाही चुंबक ओढत नाही. नाणे चुंबकाला चिकटले तर ते आधुनिक असण्याची शक्यता फार मोठी आहे.

त्यानंतर सापेक्ष घनता मोजावी, आणि त्यासाठी सराफाकडे जावे लागत नाही. पाण्याचा लहान पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असे धरावे, आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे दोरा हलवून घालवावेत. या वेळी काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, शिशाची ११.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची ८.९ असते.

उदाहरणार्थ, ७.८० ग्रॅमचे ऑरियस पाण्यात ०.४१ दाखवत असेल तर घनता १९ येते आणि सोने चोख ठरते. तेच नाणे ०.७४ दाखवत असेल तर घनता साडेदहा येते, म्हणजे आत चांदी आणि वर सोन्याचा मुलामा. डेनारियसच्या बाबतीत ३.७५ ग्रॅमला ०.३६ हा आकडा चांदीचा, तर ३.१० ग्रॅमला ०.३४ हा आकडा तांब्याचा गाभा सुचवतो. इतक्या लहान नाण्यात काट्याचा ०.०१ ग्रॅमचा फरकही उत्तर तीन टक्क्यांनी हलवतो, म्हणून मोजणी तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी आणि ९० टक्के चांदी आहे की ९७ टक्के, असले प्रश्न या पद्धतीला विचारू नयेत.

चौथी पायरी : चेहरा आणि लेख

आता नाणे पाहावे. बॅटरी समोरून न धरता बाजूने, जवळजवळ नाण्याच्या पातळीत धरली की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात.

रोमन नाण्यावरचा लेख ही नवख्याला भिंत वाटते. लॅटिन येत नसले तरी काम अडत नाही, कारण तेच ते संक्षेप पुन्हा पुन्हा येतात. अक्षरे इंग्रजी मोठ्या अक्षरांसारखीच असतात. फक्त ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो आणि शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा नसते. ‘ए व्ही जी’ म्हणजे ऑगस्टस ही पदवी, ‘आय एम पी’ म्हणजे सेनापती-सम्राट, ‘पी एम’ म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, ‘टी आर पी’ म्हणजे लोकप्रतिनिधी-पदाचे अधिकार, ‘सी ओ एस’ म्हणजे कॉन्सल (रोममधील सर्वोच्च वार्षिक पद), ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता आणि ‘एफ’ म्हणजे पुत्र. तांब्या-पितळेच्या नाण्यांवर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘एस सी’ असते. ते रोमच्या सिनेटच्या ठरावाचे चिन्ह.

या पदव्यांवरून काळ काढता येतो. ‘टी आर पी’ हे अधिकार सम्राट दर वर्षी नव्याने धारण करत असे आणि त्यापुढे रोमन आकडा येई, म्हणून तो आकडा वाचता आला तर नाण्याचे वर्षच हाती लागते. आकडा नसेल तरी कॉन्सलपदाची संख्या मदत करते. सम्राट ट्रेजनच्या नाण्यांवर ‘सी ओ एस’ नंतर पाच दाखवणारा ‘व्ही’ असेल तर ते इसवी सन १०३ ते १११ या काळातील असते.

भारतात मात्र सर्वाधिक गाठ पडते ती दोनच चांदीच्या नाण्यांशी, म्हणून ती नीट पाठ करावीत. बुदिनाथम (तमिळनाडू) आणि अक्कनपल्ले (तेलंगण) येथील हजाराहून अधिक नाण्यांचे निधी, म्हणजे एकत्र पुरलेले साठे, प्रामुख्याने याच दोन छापांनी भरलेले होते. दोन्ही नाणी लुग्दुनुम येथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे पाडलेली समजली जातात.

पहिले ऑगस्टसचे. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट असलेला चेहरा आणि भोवती ‘सीझर ऑगस्टस, देवत्व पावलेल्याचा पुत्र, राष्ट्रपिता’ या अर्थाचा लेख. त्यात एकूण ३१ अक्षरे असतात. मागच्या बाजूला ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि ल्युसियस समोर तोंड करून उभे असतात. दोघांच्या मध्ये दोन गोल ढाली आणि भाले, आणि वर पूजेची पळी व पुरोहिताची वाकडी काठी. पायाखालच्या पट्टीत दोघांच्या नावाची १० अक्षरे आणि कडेने २७ अक्षरे. ‘राष्ट्रपिता’ ही पदवी ऑगस्टसला इसवी सनापूर्वी २ मध्ये मिळाली, त्यामुळे हे नाणे त्याआधीचे असूच शकत नाही.

दुसरे टायबेरियसचे. त्याच्या इसवी सन १४ ते ३७ या कारकिर्दीत चांदीत जवळजवळ हाच एक छाप चालू राहिला. पुढे लॉरेल मुकुटातला चेहरा आणि २४ अक्षरांचा लेख. मागे उजवीकडे तोंड करून आसनावर बसलेली स्त्री, तिच्या एका हातात लांब दंड आणि दुसऱ्या हातात डहाळी, आणि भोवती प्रमुख धर्माधिकारी या पदाची अवघी ११ अक्षरे, सहा एका शब्दाची आणि पाच दुसऱ्याची.

अक्षरांची संख्या मुद्दाम दिली आहे. ज्याला लॅटिन येत नाही त्यालाही अक्षरे मोजता येतात. चांगल्या स्थितीतील नाण्यावर ११ च्या जागी ८ अक्षरे किंवा नुसत्या उभ्या काड्या दिसल्या, तर ते नाणे लियाँच्या टाकसाळीतील नव्हे एवढे तिथेच कळते. अर्थात ठसा एका बाजूला सरकून बसल्यामुळे काही अक्षरे कडेबाहेर गेली असतील तर ती गृहीत धरावी लागतात.

पाचवी पायरी : सूचीशी ताडून पाहणे

रोमन साम्राज्याच्या नाण्यांची प्रमाणभूत सूची ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या नावाने अनेक खंडांत आहे, आणि तिच्यावर आधारलेली ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ ही सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या पुढाकाराने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. सम्राट, धातू, नाण्याचा प्रकार आणि मागची आकृती यांवरून तिथे शोध घेता येतो. वर वर्णिलेले ऑगस्टसचे नाणे त्याच्या विभागात २०७ क्रमांकावर व लगतच्या क्रमांकांवर, तर टायबेरियसचे त्याच्या विभागात ३० क्रमांकावर सापडते. एका छायाचित्राशी ताडून थांबू नये. एकाच छापासाठी अनेक ठसे हाताने कोरले जात, त्यामुळे आठ-दहा नमुने पाहिल्यावरच अधिकृत कोरक्यांच्या हाताला किती मोकळीक होती याचा अंदाज येतो आणि मग नक्कल वेगळी दिसू लागते.

सहावी पायरी : चारपैकी कोणता प्रकार

तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेले प्राचीन बनावट नाणे ओळखणे तुलनेने सोपे आहे. कडेला किंवा उंच भागावर, म्हणजे सम्राटाच्या गालावर व केसांवर, पत्रा फुटून आतून हिरवे-तपकिरी तांबे डोकावते; वजन कमी भरते; आणि पुष्कळदा पुढची बाजू एका सम्राटाची तर मागची भलत्याच काळातली असते, कारण बनावट करणाऱ्याने हाती लागलेल्या दोन नाण्यांवरून ठसे केलेले असतात.

भारतीय नक्कल ओळखताना मात्र घाई करू नये. ती करणारा कारागीर कुशल होता. त्याला रोमन लिपी येत नव्हती एवढेच. त्यामुळे चूक प्रथम अक्षरांत दिसते. अक्षरे उलटी कोरलेली असतात, ‘एस’ आरशातल्यासारखा दिसतो, ‘ए’ ची आडवी रेघ गळते, मग हळूहळू अक्षरांच्या जागी काड्या, टिंबे आणि वर्तुळे उरतात. नकलेवरून पुन्हा नक्कल झाली की आकृतीही विरघळत जाते: गायस आणि ल्युसियस यांच्या मधल्या ढाली नुसती वर्तुळे होतात, पूजेची पळी व काठी यांची दोन अनोळखी चिन्हे होतात, टायबेरियसच्या नाण्यावरील स्त्रीचे आसन दोन रेघांवर येते. चेहऱ्यात डोळा मोठा व बदामी, नाक धारदार आणि मुकुटाची पाने ठिपक्यांच्या रांगेसारखी होतात. हा बदल क्रमाने घडतो, म्हणून अनेक नकला शेजारी मांडल्या तर कोणती मूळ रोमन नाण्यावरून थेट केली आणि कोणती नकलेवरून, हे लावता येते. माझ्या मते रोमन नाण्यांच्या अभ्यासात भारतीय हौशी संग्राहकाला स्वतःची भर घालता येईल अशी ही सर्वांत मोकळी जागा आहे.

या नकला फसवणुकीसाठी होत्या असे धरून चालता येत नाही. धातू चोख ठेवून वजनही सांभाळले तर फसवणाऱ्याला नफा उरत नाही. सोन्याच्या नकलांचा उपयोग तर उघडच दागिन्यांसाठी होता. ऑरियस आणि पुढच्या काळातील सॉलिडस यांच्या दक्षिण भारतातील अनेक नमुन्यांना, मूळ नाण्यांना आणि नकलांनाही, सम्राटाच्या डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोके पाडलेली असतात, म्हणजे ओवल्यावर चेहरा सरळ राहावा. हे जोडभोक भारतीय वापराची जवळजवळ सहीच आहे. त्याच हौसेचे गरिबाघरचे रूप म्हणजे भाजलेल्या मातीच्या चकत्या. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथामधील तगर, आणि तेलंगणातील कोंडापूर येथे अशा चकत्या मिळाल्या आहेत. रोमन नाण्याचा छाप मातीवर उमटवून, ओवण्यासाठी भोक किंवा कडी ठेवून त्या केल्या आहेत, आणि त्यांवर टायबेरियसचा चेहरा ओळखता येतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातील वस्तू पाहायला मिळतात. नाण्यांकडे वळणाऱ्याने तिथे एकदा जावे.

नाण्यावर छिन्नीचा आडवा घाव असेल तर दचकू नये. १८९८ मध्ये तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे सापडलेल्या ५०१ ऑरियसपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून असा घाव मारलेला होता. अक्कनपल्ल्याच्या डेनारियसवरही असे घाव आहेत. नाणे चलनातून बाद करण्यासाठी की आतला धातू तपासण्यासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे: घावाच्या आतला रंग भिंगातून पाहावा. बाकी पृष्ठभागावरचा थर घावाच्या खोबणीतही उतरलेला असेल तर घाव जुना. खोबण चकचकीत असेल तर तो अलीकडचा, आणि मग नाण्याच्या एकूण कहाणीवरच संशय घ्यावा.

उत्तरकाळातील दोन गट थोडक्यात सांगतो. कॉन्स्टंटाइनने सुरू केलेले सॉलिडस हे सोन्याचे नाणे सुमारे ४.५ ग्रॅमचे व ऑरियसपेक्षा पातळ असते आणि पट्टीत बहुधा ‘सी ओ एन ओ बी’ ही पाच अक्षरे असतात. नकलेत हीच पाच अक्षरे आधी बिघडतात. चौथ्या-पाचव्या शतकांतील तांब्याची बारकी नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत विपुल मिळतात, त्यांच्या स्थानिक नकलाही तितक्याच. ती इतकी झिजलेली असतात की अधिकृत आणि नक्कल हा भेद अनेकदा करताच येत नाही, आणि नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

सातवी पायरी : रोमन वाटणारी, पण रोमन नसलेली नाणी

महाराष्ट्रात रोमन म्हणून दाखवली जाणारी चांदीची नाणी पुष्कळदा पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतात राज्य केलेल्या शक राजांची, निघतात. गोंधळ स्वाभाविक आहे, कारण उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक-रोमन वळणाची अक्षरे ही मांडणी त्यांनी भूमध्य सागराकडच्या नाण्यांच्या धर्तीवरच स्वीकारली होती. फरक काट्यावर लगेच कळतो: क्षत्रपांचे नाणे दोन ग्रॅमच्या थोडे पुढेमागे भरते. त्यांच्यापैकी नहपान या राजाच्या नाण्याच्या मागे बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. चष्टन या राजानंतरच्या नाण्यांवर तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर आणि खाली नागमोडी रेघ येते, तर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून चेहऱ्यामागे शक वर्षही ब्राह्मी अंकांत दिसते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या अशा १३,००० हून अधिक नाण्यांचा निधी मिळाला, ज्यातील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली टेकडी आणि उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना वर्तुळे) पुन्हा ठोकले होते. पेरिप्लस सांगतो की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक पैशाशी बदलताना नफा होत असे. पश्चिम दख्खनमध्ये डेनारियसचे मोठे निधी विरळा का, याचे उत्तर अनेक अभ्यासक इथेच शोधतात: ती चांदी वितळून क्षत्रपांच्या नाण्यांत गेली असावी.

वायव्येकडून आलेल्या संग्रहात कुजुल कडफिसेस या कुशाण राजाचे तांब्याचे नाणे भेटू शकते. पुढे ऑगस्टसच्या धर्तीचा रोमन चेहरा, मागे रोमन पद्धतीच्या आसनावर बसलेला राजा आणि खरोष्ठी लेख. ही नक्कल नव्हे. रोमन प्रतिमा उसनी घेऊन राजाने स्वतःच्या नावाने पाडलेले नाणे आहे.

घरातल्या दागिन्यांत मिळणाऱ्या पुतळ्यांचीही हीच गत. लॅटिन अक्षरे आणि उभ्या आकृती पाहून त्या रोमन समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याच्या, आणि बहुधा त्याच्या भारतीय नकलांच्या, माळा आहेत. एका बाजूला संतासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबवर्तुळात ख्रिस्त. वजन सुमारे ३.५ ग्रॅम आणि पत्रा पातळ. डुकाट १२८४ मध्ये सुरू झाले, म्हणजे टायबेरियसनंतर साडेबाराशे वर्षांनी, तरी आपल्या सोनारांनी त्याच्या अक्षरांचे जे केले ते दख्खनच्या जुन्या कारागिरांनी डेनारियसच्या अक्षरांचे केले होते त्याहून फारसे वेगळे नाही.

आठवी पायरी : आधुनिक बनावट

प्राचीन रोमन नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने पाडलेले असते. त्यामुळे त्याच्या कडेला बाहेरच्या बाजूला फाटत गेलेल्या बारीक भेगा असतात, धातू बाहेर वाहिल्याच्या रेषा अक्षरांभोवती दिसतात आणि गोलाई कधीच अचूक नसते. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याला ही लक्षणे नसतात. त्याचा पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, अक्षरांचे कोपरे बोथट, भिंगाखाली गोल छिद्रे, आणि कडेभोवती साच्याच्या दोन भागांची जोडरेघ किंवा ती घालवण्यासाठी घासलेल्या कानशीच्या खुणा दिसतात.

सर्वांत खात्रीची परीक्षा जुळ्यांची आहे. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांवर छाप सारखा असतो, पण त्यांच्या कडा, भेगा, झीज आणि छाप सरकण्याची दिशा कधीही एकसारखी नसते. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तीच भेग, त्याच जागी तुटलेली कड आढळली, तर निदान एक, बहुधा दोन्ही, एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली आहेत. म्हणून विक्रेत्याकडे एकाच छापाची पाच-सहा नाणी एकत्र दिसली तर आनंद होऊ देण्याआधी ती शेजारी मांडून पाहावीत.

ठसे कोरून पाडलेली बनावट नाणी ओळखणे कठीण असते. सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनो याने सेस्टर्शियस या मोठ्या रोमन पितळी नाण्याच्या धर्तीवर पदके केली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकरने प्राचीन नाण्यांचे शेकडो ठसे कोरले. दोघांचे काम आज स्वतंत्रपणे गोळा केले जाते. अशा ठिकाणी लक्षणांपेक्षा नाण्याचा पूर्वेतिहास महत्त्वाचा ठरतो: ते कोणाच्या संग्रहात होते, कोणत्या लिलावात गेले, याची लेखी नोंद. ‘शेतात सापडले’ ही तोंडी माहिती नोंद नव्हे, आणि ती खरी असेल तर नाणे विकत घेणे हाच प्रश्न होतो.

नववी पायरी : कायदा आणि नोंद

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडली तर तिची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना आजीच्या पेटीतले नाणे भेट म्हणून पाठवण्याचा विचारही त्यात आला. निधी सापडल्यास तो फोडून वाटून घेण्याने होणारा तोटा कायद्यापलीकडचा आहे, कारण कोणत्या नकला कोणत्या मूळ नाण्यांसोबत पुरलेल्या होत्या हीच माहिती त्यांचा काळ ठरवते. सापडल्या जागी छायाचित्रे काढून, मडके असेल तर मडक्यासकट, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

संग्रहातील नाण्याची नोंद करताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत, आणि एक छायाचित्र कडेचेही घ्यावे. मागची बाजू पुढच्या बाजूच्या तुलनेत किती फिरलेली आहे हे घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहावे: पुढचा चेहरा सरळ धरून नाणे उभ्या अक्षावर वळवले असता मागची आकृती उलटी दिसली तर ६, सरळ दिसली तर १२. लेख वाचलेला नव्हे तर दिसतो तसा, बिघडलेल्या अक्षरांसकट उतरवावा. नमुन्यादाखल एक नोंद अशी होईल: ‘टायबेरियसच्या डेनारियसची दख्खनी नक्कल. चांदी, ३.४१ ग्रॅम, १८ मिलिमीटर, घनता १०.३, दिशा ४. पुढे उजवीकडे चेहरा, लेखाच्या जागी १४ खुणा, त्यांपैकी तीन उलटी अक्षरे. मागे बसलेली स्त्री, डहाळी नाही, लेखाच्या जागी काड्या. गालावर जुना घाव. भोक नाही. सापडल्याचे ठिकाण अज्ञात.’ प्रकाराबद्दल शंका उरली असेल तर पहिल्या ओळीत ‘बहुधा’ हा शब्द घालावा आणि शंकेचे कारण त्याच नोंदीत लिहावे.